आधी मुक्कामाच्या रात्री ठरवा, मग रस्ते : युटाच्या नॅशनल पार्कांतली पहिली आरव्ही सहल

भारतातून आई-बाबा यायचे ठरले की अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत एक बेत निघतो: आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घेऊन नॅशनल पार्क पाहायचे. बेत उत्तमच आहे. बाबांना दर दोन तासांनी बाथरूम लागतं, आईला चौथ्या दिवशी बाहेरचं अन्न नकोसं होतं, मुलांना ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बर्थवर झोपायचं असतं, आणि या सगळ्यांची सोय एकाच गाडीत होते. फक्त आखणीची सुरुवात भलत्या टोकाकडून होते. नकाशात पाच-सहा पार्कांवर टिंबं काढायची, ती जोडायला फोनला सांगायचं, फोन म्हणतो 'दोन तास दहा मिनिटं', की झाला बेत पक्का. आमची पहिली सहल अशीच आखली होती. तिसऱ्या रात्री नऊ वाजता, पावसात, अठ्ठावीस फुटी गाडी मागे घेत अंधारात आमच्या जागेचा नंबर शोधताना कळलं की फोनने सांगितलेले तास मोटारीचे होते, आणि आम्ही घर घेऊन निघालो होतो.

तेव्हापासून आम्ही एकच पद्धत पाळतो. आधी कुठे झोपायचं त्या रात्री ठरवायच्या, मग त्या रात्रींना जोडणारे रस्ते तपासायचे, आणि पाहायची ठिकाणं त्यात बसवायची. ही पद्धत कुठल्याही पार्कांना लागू पडते, पण इथे मी एकच फेरी घेऊन ती दाखवणार आहे: लास व्हेगासहून निघून झायन, ब्राइस कॅनियन, कॅपिटल रीफ, मोआब (तिथे आर्चेस आणि कॅनियनलँड्स ही दोन पार्क), मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ, आणि परत लास व्हेगास. मुख्य रस्त्यांचं अंतर साधारण १२०० मैल भरतं. इकडेतिकडे फिरणं धरून १४०० मैल गृहीत धरा.

मोसम

एप्रिलचा शेवट ते मे अखेर, किंवा सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर. जूनच्या मध्यापासून मोआब आणि लास व्हेगास इतके तापतात की दुपारी गाडीतला एसी पुरत नाही. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत इथेही एक मान्सून असतो. पाऊस दहा मैलांवर पडतो आणि कोरड्या घळीतून लोंढा तुमच्याकडे येतो. रस्त्यावर पाणी वाहताना दिसलं तर थांबायचं, कितीही उथळ वाटलं तरी.

याच फेरीत ब्राइसचा काठ ८००० ते ९००० फुटांवर आहे. मे महिन्यातही तिथे रात्री पाणी गोठू शकतं. त्या रात्री बाहेरच्या नळाला जोडलेला पाण्याचा होज काढून आत ठेवा आणि गाडीच्या टाकीतलं पाणी वापरा. म्हणजे एकाच सहलीत सुती कुर्ते आणि कानटोप्या, दोन्ही लागतात. भारतातून येणाऱ्यांना हे आधीच सांगा, ते 'वाळवंट' ऐकून स्वेटर घरी ठेवून येतात.

गाडी किती मोठी घ्यायची

आरव्हीचे तीन मुख्य प्रकार. क्लास ए म्हणजे बससारखी, क्लास बी म्हणजे उंच व्हॅन, आणि क्लास सी म्हणजे पुढे ट्रकची केबिन, तिच्या डोक्यावर बर्थ आणि मागे घर. पहिल्यांदा जाणाऱ्या चार-पाच जणांच्या कुटुंबासाठी मी डोळे मिटून क्लास सी सांगेन, आणि त्यातही २४-२५ फुटांची. कंपनीचा माणूस 'थोड्याच पैशांत तीस फुटी घ्या' असं सुचवेल. घेऊ नका. पार्कांच्या आतली बरीच कॅम्पग्राउंड (तंबू किंवा गाडी लावून मुक्काम करायची ठिकाणं) छोट्या गाड्यांच्या काळात बांधली गेली, आणि गाडीचा प्रत्येक जादा फूट तुमच्यासाठी काही जागा बंद करतो. ग्रँड कॅनियनच्या मेदर कॅम्पग्राउंडमध्ये ३० फुटांपर्यंतच्याच गाड्या चालतात. कॅनियनलँड्सच्या विलो फ्लॅटला ती मर्यादा २८ फूट आहे आणि जागा आहेत फक्त १२.

ताबा घेताना गाडीची उंची आणि रुंदी विचारा. उंची म्हणजे जमिनीपासून छतावरच्या एसीच्या टोकापर्यंत. ती फूट-इंचांत मोठ्या अक्षरात लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. आपण मोटार चालवणारी माणसं डोक्यावर काय आहे ते कधीच पाहत नाही. पेट्रोल पंपाचं छप्पर, कॉफीच्या ड्राइव्ह-थ्रूची कमान, कॅम्पग्राउंडमधली झाडाची फांदी, या तीन ठिकाणी छतं फाटतात.

आणखी चार प्रश्न विचारून घ्या. झोपायची सोय सहा जणांची असली तरी सीटबेल्ट किती आहेत? भाड्यात किती मैल धरले आहेत, पुढच्या मैलाला किती? जनरेटर तासाने आकारता का? विमा कुठला? बहुतेक क्रेडिट कार्डांच्या भाड्याच्या गाडीवरच्या विम्यात आरव्ही बसत नाही, म्हणून कार्डाच्या भरवशावर राहू नका. भारतातल्या लायसन्सवर बाबांना किंवा भावाला चालवू देणार असाल तर कंपनीकडून तसं लेखी घ्या.

झायनचा बोगदा, आणि त्यावरून शिकायची गोष्ट

झायनच्या पूर्वेकडून बाहेर पडणारा रस्ता १.१ मैल लांबीच्या बोगद्यातून जातो. तो १९३० मध्ये पूर्ण झाला, म्हणजे त्या काळच्या मोटारी डोळ्यांसमोर ठेवून. बोगदा कमानीच्या आकाराचा आहे, मध्ये उंच आणि कडेला ठेंगणा. आपल्या बाजूच्या लेनमधून उंच गाडी गेली तर छताचा कोपरा खडकाला घासेल, म्हणून तिला मधोमध चालावं लागतं. कितीतरी वर्षं पार्कचे लोक समोरची वाहतूक थांबवून, जादा फी घेऊन अशा गाड्या सोडत असत. २०२६ च्या उन्हाळ्यापासून तो प्रकार बंद. ११ फूट ४ इंचांहून उंच किंवा ७ फूट १० इंचांहून रुंद गाडीला या रस्त्याने जाता येत नाही. भाड्याच्या जवळजवळ सगळ्या क्लास सी गाड्या या मापाबाहेर जातात.

फोनला हे कळत नाही. तो तुम्हाला झायनच्या दारातल्या स्प्रिंगडेल गावाहून ब्राइसला ८५ मैल सांगेल, थेट बोगद्यातून. तुमचा खरा रस्ता असा: आला होतात तसे पश्चिमेला मागे फिरून ला व्हर्किन आणि हरिकेन, तिथून राज्य रस्ता ५९ ने ॲरिझोनात शिरून फ्रिडोनिया, मग कनॅब, मग ८९ नंबरने उत्तरेला माउंट कार्मेल जंक्शन, आणि पुढे १२ नंबरने ब्राइस. साधारण दीडशे मैल. हरिकेन गावातून निघताच सरळ डोंगरावर चढणारा एक खडा चढ लागतो, तो सकाळी गार हवेत चढा. कनॅबला पेट्रोल, किराणा, जेवण सगळं मिळतं. हा वळसा मोठा असला तरी रस्ता मोकळा आणि सुरेख आहे, आणि आधीच ठाऊक असेल तर त्याचा काही त्रास होत नाही. त्रास होतो तो झायनच्या दारात कळलं तर.

म्हणून रस्ता पक्का करण्यापूर्वी प्रत्येक टप्प्यासाठी पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर त्या पार्कचं गाड्यांच्या मापाचं पान वाचा. सगळीकडे असं काहीतरी असतं. माँटानातल्या ग्लेशियर पार्कच्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या मधल्या भागात २१ फुटांहून लांब गाडी नेता येत नाही. न्यू जर्सीहून निघून न्यू यॉर्ककडे जाणाऱ्यांना तिथल्या पार्कवेंवरचे ठेंगणे पूल माहीत असतात, पण रोज मोटारीने जाऊन सवय झाली की तेच पूल आरव्हीत बसल्यावर आठवत नाहीत. उंची-लांबी टाकून रस्ता देणारी आरव्हींसाठीची खास नॅव्हिगेशन ॲप मिळतात, वर्षाची वर्गणी भरून एक घ्याच. तरीही पार्कचं पान स्वतः वाचा.

रात्री कशा मोजायच्या

आरव्हीवाल्यांमध्ये तीनाचा एक नियम आहे: दिवसाला ३०० मैलांहून जास्त नाही, दुपारी ३ पर्यंत मुक्कामी, आणि एका ठिकाणी ३ रात्री. या फेरीत मी पहिला आकडा निम्म्यावर आणतो, कारण रस्ते डोंगरी आहेत. एका दिवसात साधारण १५० मैल पुरे, आणि फोन जितका वेळ सांगेल त्याच्या दीडपट धरायचा. तीन वाजताची अट मात्र आम्ही कधीच मोडत नाही. उजेडात गाडी लावली, लेव्हल केली, चहा टाकला, की बाबा खुर्ची घेऊन बाहेर बसतात आणि सहल खरी तिथे सुरू होते.

आमच्या हिशेबाने ही फेरी १४ रात्रींची आहे. पहिली रात्र लास व्हेगासच्या जवळपासच ठेवा, कारण गाडी दुपारी ताब्यात येते, ती समजून घेण्यात तास-दीड तास जातो आणि मग किराणा भरायचा असतो. आम्हाला व्हॅली ऑफ फायर हे स्टेट पार्क आवडतं. शहरापासून साधारण तासाभरावर आहे, आणि काही जागांना वीज-पाणी आहे. काही बिघडलेलं निघालं तर कंपनी अजून हाकेच्या अंतरावर असते. दुसरी आणि तिसरी रात्र झायन. चौथी-पाचवी ब्राइस. सहावी-सातवी कॅपिटल रीफ. आठ, नऊ, दहा मोआब. अकरावी मॉन्युमेंट व्हॅली. बारा आणि तेरा ग्रँड कॅनियन. चौदावी परतीच्या वाटेवर किंगमनच्या आसपास.

सुट्टी कमी असेल तर ठिकाण कापा, रात्र कापू नका. नऊ रात्री असतील तर कॅपिटल रीफपर्यंत जा, आणि रिचफील्डमार्गे आय-७० आणि आय-१५ धरून मध्ये एक मुक्काम करत परत या. मोआब पुढच्या वर्षी. रोज मुक्काम हलवणं म्हणजे रोज सकाळी घर आवरून, बांधून, संध्याकाळी पुन्हा मांडणं. दोन लहान मुलं आणि दोन म्हातारी माणसं सोबत असताना हे चौथ्या दिवशी कुणालाच नको होतं.

जागा पकडणं

फेडरल कॅम्पग्राउंडचं आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर होतं. झायनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडसारख्या ठिकाणी जागा सहा महिने आधी, रोज एकेक दिवस पुढे सरकत, ईस्टर्न वेळेने सकाळी १० ला खुल्या होतात, आणि मोसमात काही मिनिटांत संपतात. खातं आधी उघडून, कार्ड भरून, दोघांनी दोन लॅपटॉपवर बसायचं. प्रत्येक जागेच्या पानावर गाडीची कमाल लांबी दिलेली असते, ती पाहा. 'पुल-थ्रू' म्हणजे एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येणारी जागा. नवख्यांनी तीच शोधावी.

आता हूकअप. 'फुल हूकअप' म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाण्याची नळी, तिन्ही जोडता येतं. पार्कांच्या आत हे दुर्मीळ आहे. वॉचमनच्या काही जागांना फक्त वीज आहे. ब्राइसच्या आतल्या दोन्ही कॅम्पग्राउंडना काहीच नाही, पण पार्कच्या दाराशी खासगी जागा मिळते. कॅपिटल रीफच्या फ्रुटा कॅम्पग्राउंडमध्ये ७१ जागा, हूकअप एकालाही नाही. आर्चेसचं डेव्हिल्स गार्डनही तसंच. मोआबजवळच्या डेड हॉर्स पॉइंट या स्टेट पार्कात वीज आहे पण टाकी भरायला पाणी नाही, म्हणून तिथे भरूनच जायचं. ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठावर ट्रेलर व्हिलेजला मात्र फुल हूकअप आहे, थेट पार्कच्या आत.

आम्ही आळीपाळीने जातो: दोन रात्री हूकअपशिवाय, मग एक-दोन रात्री सगळ्या सोयीनिशी. फ्रुटासाठी विजेचा मोह सोडा. १८८० च्या दशकात आलेल्या मॉर्मन कुटुंबांनी लावलेल्या फळबागा तिथे पार्क सर्व्हिस अजून सांभाळते. चेरी, जर्दाळू, पीच, सफरचंद. हंगामात ज्या बागेवर 'तोडायला खुली' अशी पाटी असेल तिथे स्वतः तोडून खाता येतात, घरी न्यायची तर वजनाने पैसे. लाल कड्यांखाली, हिरव्या सावलीत, हरणं चरत असलेली ती जागा आईला सगळ्या सहलीत जास्त आवडली.

प्रवेशाच्या पासचं गणित २०२६ पासून बदललं आहे. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी वार्षिक 'अमेरिका द ब्यूटिफुल' पास ८० डॉलर, बाहेरून येणाऱ्यांसाठी २५०. शिवाय झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅनियन धरून अकरा पार्कांत, वार्षिक पास नसलेल्या परदेशी पाहुण्याला सोळा वर्षांपासून पुढे माणशी १०० डॉलर जादा पडतात. आई-बाबा सोबत असतील तर पास कोणाच्या नावाचा आणि गाडीतल्या कोणाकोणाला चालतो हे निघण्याआधी पार्क सर्व्हिसच्या पानावर वाचा, आणि सगळ्यांची ओळखपत्रं हाताशी ठेवा. मॉन्युमेंट व्हॅली ही नावाहो या मूळनिवासी लोकांची आहे. तिथे हा पास चालत नाही, वेगळं तिकीट काढायचं.

बारा नंबरचा रस्ता

ब्राइसहून कॅपिटल रीफला नेणारा युटाचा १२ नंबरचा महामार्ग हा या फेरीचा गाभा आहे. अंतर जेमतेम १२० मैल, पण पूर्ण दिवस द्या. एस्कलांट गाव सोडलं की रस्ता पांढऱ्या-गुलाबी खडकांत उतरतो, पुन्हा चढतो, आणि बोल्डर गावाआधी 'हॉगबॅक' नावाच्या धारेवर येतो. दोन्ही बाजूंना दरी, मध्ये दोन लेन. हरिश्चंद्रगड-रतनगडच्या धारांवर चालून आलेल्यांना त्याचा अंदाज येईल. एस्कलांट ते बोल्डर हा रस्ता १९३० च्या दशकात सीसीसी या सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी कोरला. त्याआधी बोल्डरला टपाल खेचरांवरून यायचं. बोल्डरनंतर रस्ता ९६०० फुटांवर चढून ॲस्पेनच्या जंगलातून कॅपिटल रीफजवळच्या टोरी गावाला उतरतो.

आरव्ही या रस्त्याने जातात, रोज जातात. पण उतार खडे आहेत, आणि पाच-सहा टनांची गाडी पायाच्या ब्रेकवर उतरवायची नसते. सतत दाबलेले ब्रेक तापतात, वास येतो, आणि मग लागेनासे होतात. आंबेनळी किंवा खंबाटकी घाटातले जुने ट्रक ड्रायव्हर सांगायचे ते इथे तंतोतंत लागू: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडीत 'टो-हॉल' असं बटण असतं, ते उतार सुरू होण्याआधी दाबा, किंवा गिअर हाताने खाली आणा. इंजिन जोरात ओरडेल, ओरडू द्या, तेच गाडी धरून ठेवतंय. वेग वाढलाच तर एकदा ठामपणे ब्रेक दाबून कमी करा आणि पाय काढा. मागे गाड्या साचल्या तर पहिल्या रुंद जागेत बाजूला होऊन त्यांना जाऊ द्या.

या भागात गुरं मोकळी चरतात आणि संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात, म्हणून अंधाराआधी टोरी गाठा. चालवणाऱ्याला दरीची भीती वाटत असेल तर आग्रह करू नका. ८९ नंबरने उत्तरेला जाऊन ६२ आणि २४ ने लोआमार्गे टोरीला पोचता येतं. तो रस्ता साधा आहे, पण सुरक्षित पोचलेलं कुटुंब टोरीहून बारा नंबरचा शेवटचा टप्पा दुसऱ्या दिवशी उलटा जाऊन पाहू शकतं.

वारा हा दुसरा शत्रू. मोकळ्या पठारावर आडवा झोत आला की उंच गाडी लेनभर सरकते. उंच वाहनांना इशारा असलेल्या दिवशी मुक्काम एक दिवस वाढवणं हाच शहाणपणा, आणि म्हणूनच आखणीत एक रात्र सैल ठेवावी.

मोआब आणि पुढे

टोरीला टाकी भरा. मध्ये हँक्सव्हिलला पंप आहे, पुढे आय-७० पर्यंत ओसाड. आरव्ही गॅलनला आठ-दहा मैल देते, म्हणजे या सगळ्या फेरीला साधारण दीडशे गॅलन. मी अर्ध्या टाकीच्या खाली काटा जाऊ देत नाही.

मोआबला तीन रात्रींसाठी गाडी कॅम्पग्राउंडमध्ये लावून ठेवा आणि दोन दिवसांसाठी छोटी मोटार भाड्याने घ्या. आर्चेसच्या पार्किंगमध्ये आरव्हीच्या जागा मोजक्या असतात आणि सकाळीच भरतात. आर्चेसने काही वर्षं वेळ ठरवून प्रवेश दिला होता, तेव्हा जाण्याआधी त्या वर्षीचा नियम पाहा. झायनमध्ये उलट, मोटार नकोच. स्प्रिंगडेल गावातून आणि दरीतून मोफत बस धावते.

मोआबहून मॉन्युमेंट व्हॅलीला जाताना एक जागा लक्षात ठेवा: मोकी डगवे. युटाच्या २६१ रस्त्यावरचा हा तीन मैलांचा कच्चा, कठड्याविना नागमोडी उतार हजार-अकराशे फूट खाली जातो. नॅचरल ब्रिजेस पाहून दक्षिणेला वळलात तर फोन तिकडेच नेईल. आरव्हीने तिथे जायचं नाही. १९१ ने ब्लफ गावापर्यंत, मग १६३ ने मेक्सिकन हॅट आणि मॉन्युमेंट व्हॅली, हाच रस्ता. तिथली १७ मैलांची मातीची फेरीही आरव्हीला बंद आहे, नावाहो वाटाड्यांच्या जीपमधून जा. ते सांगतात त्या गोष्टींसाठी तरी जाच.

घड्याळाचीही नोंद ठेवा. नेवाडाहून युटाला आलात की एक तास पुढे. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ बदलत नाही, पण त्याच राज्यातला नावाहो प्रदेश बदलतो. मॉन्युमेंट व्हॅलीहून ग्रँड कॅनियनला पोचेपर्यंत एक तास हातात येतो. टूरची वेळ ठरवताना 'कुठली वेळ?' हे विचारा.

स्वयंपाक, पाणी आणि नको असलेलं काम

ब्राइसला पहिल्या रात्री पातेल्यात वरणाची डाळ लावली होती, दीड तास झाला तरी दाणा तसाच. ८००० फुटांवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यापुढे तापत नाही. कुकर न्याच, छोटा तीन लिटरचा पुरतो, शिट्ट्या दोन जास्त. इंडक्शन नेणार असाल तर हिशेब करा: ३० अँपच्या जोडणीवर एकूण ३६०० वॉट मिळतात. एसी, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन एकदम चालू केले की ब्रेकर पडतो. मिरचीच्या फोडणीने धुराचा अलार्म वाजतो, म्हणून आधी छताचा पंखा लावा, अलार्मची बॅटरी काढू नका. मेतकूट, भाजणी, भाजलेला रवा, दशम्या असा शिधा असला की हूकअप नसलेल्या रात्री पाणी आणि गॅस दोन्ही वाचतात.

गाडीत तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, सिंक-शॉवरच्या पाण्याची ग्रे, आणि संडासाची ब्लॅक. स्वच्छ पाणी चार जणांना दोन-तीन दिवस पुरतं, शॉवर झटपट घेतला तर. ग्रे आणि ब्लॅक रिकाम्या करायच्या त्या फक्त डंप स्टेशनवर, म्हणजे सांडपाणी सोडायच्या ठरलेल्या जागी. हातमोजे घाला, नळी दोन्हीकडे घट्ट बसली का पाहा, आधी ब्लॅक सोडा, ती संपली की ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. ब्लॅकचा व्हॉल्व्ह हूकअपवर असतानाही बंदच ठेवायचा. उघडा ठेवला तर पाणी निघून जातं आणि घट्ट भाग तळाला बसतो. तेल आणि उरलेली आमटी सिंकमध्ये ओतू नका, कागदाने पुसून कचऱ्यात टाका. स्वच्छ पाण्याचा नळ आणि डंपजवळचा धुण्याचा नळ वेगळे असतात, पाटी वाचूनच टाकी भरा.

शेवटचा टप्पा

मॉन्युमेंट व्हॅलीहून केयेंटा, ट्यूबा सिटी, कॅमेरॉन, आणि तिथून चढ चढून डेझर्ट व्ह्यूच्या दाराने ग्रँड कॅनियनमध्ये शिरा. साधारण १८० मैल, आणि दारातून आत आल्या-आल्याच पहिलं दर्शन होतं. काठावरचा डेझर्ट व्ह्यू रस्ता आरव्हीला खुला आहे. पश्चिमेकडचा हर्मिट रस्ता मार्च ते नोव्हेंबर फक्त बसने.

इथून लास व्हेगास २८० मैल आहे आणि भाड्याच्या गाड्या सहसा सकाळीच परत मागतात. त्यामुळे आदल्या रात्री किंगमनच्या आसपास फुल हूकअपची जागा घ्या. तिथेच टाक्या रिकाम्या करून धुवा, सामान बॅगांत भरा, फ्रिज मोकळा करा. सकाळी शंभर-सव्वाशे मैल उरतात. शहरात शिरण्यापूर्वी बोल्डर सिटीला पेट्रोल भरा, करारात असेल तर प्रोपेनही (गाडीतला स्वयंपाकाचा गॅस), आणि गाडी देताना चारी बाजूंचे, छताचे आणि मैलांच्या आकड्याचे फोटो काढा. पावती हातात पडेपर्यंत विमानतळाची टॅक्सी बोलावू नका.